ज्याला मान आहे, त्यानं बाहेर

उमाळकर डॉक्टर आजाऱ्याच्या खोलीत शिरले की आधी आजाऱ्याकडे पाहत नसत. ते इतर माणसांकडे पाहत. खुर्चीवर कोण आहे, उशाशी कोण बसलं आहे, दाराआड कोण उभं आहे, हे सगळं एकदा पाहून झालं की बॅग खाली ठेवत आणि म्हणत, "चलो. या घरात ज्याला ज्याला मान आहे, त्यानं बाहेर."

दीक्षितपुऱ्यातल्या मराठी घरांत हे वाक्य कसं पडत असेल याची कल्पना आज येणार नाही. नागपूरकर भोसल्यांच्या चाकरीत असताना नर्मदेकाठच्या या हिंदी मुलखात आलेली घराणी. मुलूख गेला, चाकरी गेली, पण बैठकीत कोण कुठे बसायचं ते गेलं नाही. अशा घरात वऱ्हाडातून आलेला, सायकलवर फिरणारा एक डॉक्टर म्हाताऱ्या माणसाला त्याच्याच नातवाच्या खोलीतून उठवतो. लोक उठत, कारण पोर आजारी असे. पण ते विसरत नसत. पोर बरं झालं की डॉक्टरांची गरज संपे आणि अपमान तेवढा शिल्लक राही. दुसऱ्या खेपेला दुसऱ्या डॉक्टरला बोलावणं जाई.

माझ्या घशात पांढरा पापुद्रा धरला होता, तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. घटसर्प होता. आजोबा खुर्चीत होते, वडील पायथ्याशी. डॉक्टरांनी आपलं वाक्य उच्चारलं. वडील कचेरीत हेडक्लार्क, हाताखाली माणसं असलेले. ते म्हणाले, मी मुलीचा बाप आहे. "म्हणूनच," डॉक्टर म्हणाले, आणि दार उघडून उभे राहिले. दोघे गेले. आई एकटी राहिली. पुरुष उठून गेले आणि आपण खोलीत, असं तिच्या आयुष्यात बहुधा कधी झालं नव्हतं. डॉक्टर तिच्यासमोर जमिनीवरच बसले आणि आवाज अगदी खाली आणून त्यांनी विचारलं, हिला पूर्वी कधी घोड्याच्या रक्तातली लस टोचली आहे का? माहेरी, प्रवासात, कुणाला न सांगता? आईने नाही म्हटलं, आणि ते खरं होतं. तरीही त्यांनी माझ्या दंडाच्या कातडीत सुईच्या टोकाने जेमतेम थेंबभर लस सोडली आणि घड्याळ हातात धरून त्या जागेकडे पाहत बसले. आईला वाटलं, आपल्यावर विश्वास नाही. ती तसं म्हणालीही.

"तुमच्यावर आहे," डॉक्टर म्हणाले. "पण कातडीला सासरा नसतो, बाई. ती कुणाला भीत नाही."

दंड जसा होता तसा राहिला. मग त्यांनी सगळी लस दिली आणि मी वाचले.

घसा मोकळा झाला, मी हिंडूफिरू लागले, आणि आठवडाभराने माझे गुडघे सुजले. मनगटं सुजली. पित्त उठतं तसे लाल चट्टे अंगभर आले, ताप चढला. आजोबा घरभर सांगत हिंडले की घोडा आता बाहेर पडतो आहे. डॉक्टर आले, सगळ्यांना पुन्हा बाहेर घालवलं आणि माझा गुडघा तळहाताने चाचपत मला म्हणाले, "हे औषध नाही करून राहिलं. तुझं रक्त करून राहिलं."

मला त्यांनी जे सांगितलं ते माझ्या वयाच्या मुलीला कुणी सांगत नसे. रक्तात चौकीदार असतात. त्यांना मित्र आणि शत्रू कळत नाही. या घरचा आणि परका एवढंच कळतं. लस तुला वाचवायला आली, पण आली परक्या अंगातून. चौकीदारांनी सावकाश तिची ओळख करून घेतली, आणि ओळख पटली तेव्हा ते उठले. ही सूज, ही लाली, हा ताप, ही त्यांनी मारलेली हाक आहे. हाकेने आणखी चौकीदार येतात. ते आले की सूज वाढते, आणि वाढलेली सूज आणखी लांब हाक मारते.

मी विचारलं, मग हे थांबतं कधी?

"शहाण्या शरीरात कुणी तरी 'बस' म्हणतं. तुझंही म्हणेल, चार दिसांत."

"आणि नाही म्हटलं तर?"

डॉक्टर उठले. बॅग बंद केली, ती नीट लागली नाही म्हणून पुन्हा उघडली, पुन्हा बंद केली आणि निघून गेले. मला वाटलं, मी आगाऊपणा केला.

पुढे मी शिकले, मुलींच्या शाळेत शिकवू लागले. त्यांचा दवाखाना आमच्या दारासमोरच, गल्लीच्या पलीकडे. त्यांची पुस्तकं मी वाचायला आणी, आणि न समजलेलं विचारायला संध्याकाळी त्यांच्या बाकावर जाऊन बसे. ते मला मास्तरीण म्हणत. त्यांच्याकडे येणारे रोगी बहुतेक बाजारातले हिंदी बोलणारे लोक, कारखान्यातले कामगार, कुंडमकडून लाकडं घेऊन येणारे गाडीवान. मराठी माणूस क्वचित, आणि तोही अंधार पडल्यावर. एखादा गाडीवान पिकलेलं गळू घेऊन आला आणि हे लाल झालंय, दुखतंय, याला लवकर बसवा म्हणू लागला की डॉक्टर खूश होत. "लाल है ना? फिर घर में कोई जाग रहा है," असं म्हणून ते त्याची पाठ थोपटत, आणि पिकू द्या, मी कापतो, तुम्ही दाबू नका, असं बजावत. याउलट एकदा एक म्हातारा हमाल पायाची जखम दाखवायला आला. जखम मोठी होती, पण तिच्या कडा फिक्या, ना लाली ना ठणका. म्हातारा स्वतः सांगत होता की काही दुखत नाही. डॉक्टरांचा चेहरा उतरला. त्यांनी टांगा बोलावला आणि ते स्वतः त्याच्याशेजारी बसून इस्पितळात गेले. परत आल्यावर मला म्हणाले, "ज्याला राग येत नाही, त्याची मला फार भीती वाटते, मास्तरीण."

स्वतः त्यांना राग भरपूर येई. जखमेवर राख भरून आणणाऱ्यावर, ताप उतरला म्हणून पोराला लग्नाला नेणाऱ्यावर, सूज उतरली म्हणजे दुखणं गेलं असं समजणाऱ्यावर. पण एका गोष्टीचा त्यांना राग येताना मी पाहिला नाही, आणि त्याच गोष्टीने माझं डोकं फिरे. ते सायकलवरून निघाले की गल्लीतली पोरं मागून घोड्यासारखी खिंकाळत. ओट्यावर बसलेली मोठी माणसं हसत. मराठी दीक्षितपुऱ्यात त्यांचं नाव घोडा-डॉक्टर होतं. हे मी लहानपणापासून ऐकत आले, आणि त्यामागची गोष्टही सगळ्यांना ठाऊक होती: उमाळकरांनी पाग्यांचा नातू मारला.

पागे म्हणजे आमच्यातलं पहिलं घर. त्यांचे पूर्वज भोसल्यांच्या घोडदळात होते. अण्णासाहेब पागे मंडळाचे अध्यक्ष, उत्सवाचे अध्यक्ष, कुठे सभा असली तर तिचेही. घोड्याच्या रक्ताची लस ब्राह्मणाच्या अंगात जाऊ नये, असं त्यांनी भर सभेत सांगितलं होतं. माझ्या दुखण्याच्याही आधी त्यांचा थोरला नातू बाळू घटसर्पाने घुसमटू लागला तेव्हा मात्र त्यांनी डॉक्टर उमाळकरांना बोलावलं, लस टोचायला परवानगी दिली, आणि सुई काढेपर्यंत पोर गेलं. लोक सांगत ती गोष्ट एवढीच. अण्णासाहेबांनी वंशासाठी धर्म बाजूला ठेवला आणि डॉक्टरने वंशच बुडवला.

मी डॉक्टरांना एकदाच विचारलं होतं. ते चष्मा पुसत होते. पुसतच राहिले. म्हणाले, "प्रश्न मी बरोबर विचारला होता. पण चुकीच्या माणसांसमोर. त्यांना आधी बाहेर काढायचं होतं. नाही काढलं. चूक माझी." मग चष्मा चढवून स्वतःशीच म्हणाले, "पिढ्यान्पिढ्या घोड्यावर बसले. घोडा आत आला तर बाटले." यापलीकडे एक शब्द मला त्यांच्याकडून मिळाला नाही.

ते गेले तेही एका रोग्याच्या गळवापायीच. कापताना त्यांच्या बोटाला पातं लागलं. बोट सुजलं, मग हात, मग मनगटापासून काखेकडे एक लाल रेघ चढत गेली. त्यांची विधवा बहीण गोदाताई आणि मी आळीपाळीने बसत असू. ते उशीवर हात ठेवून त्याच्याकडे पाहत, जसे माझ्या दंडाकडे पाहत होते तसे. "पाहा, किती रागावला आहे," म्हणत. त्यात भीतीपेक्षा कौतुक जास्त होतं. इस्पितळातले डॉक्टर येऊन हात चिरून गेले. एका दुपारी गोदाताई हाताची पट्टी सोडत होती. लाली ओसरली होती, कातडी फिकी दिसत होती. ती रडायलाच लागली, म्हणाली, दादा, उतरलं बघ.

डॉक्टरांनी मान हलवली. "उतरलं नाही, गोदे," ते म्हणाले. "थकलं."

संध्याकाळच्या आत ते गेले. नर्मदेवर न्यायला बाजारातली माणसं आली, गाडीवान आले, तो म्हातारा हमाल काठी टेकत आला. मराठी माणसं मोजायला एक हात पुरला असता.

आणि मग त्याच मराठी माणसांनी शोकसभा भरवली. अध्यक्ष अण्णासाहेब पागे. मी बायकांच्या बाजूला बसले होते, माझ्या शेजारी त्यांची थोरली सून मनोरमावहिनी, बाळूची आई. अण्णासाहेबांनी गतात्म्याच्या साधेपणाविषयी सांगितलं, स्वभावाच्या तिखटपणाविषयी सांगितलं, मग आवाज जड करून म्हणाले, आमच्या घरावर त्यांच्या हातून जो घाला पडला तो सर्वांना माहीत आहे. परंतु आमच्या मनात राग नाही. आम्ही त्यांना केव्हाच क्षमा केली. सभेत माना डोलल्या. कुणीतरी डोळे टिपले. ज्या माणसांनी आपली पोरं खिंकाळू दिली, तीच माणसं आता क्षमेच्या मोठेपणाने भारावून गेली होती. मी आयुष्यात फार रागावलेली नाही. मला ते जमत नाही. त्या सभेत मी पदराचा काठ पिळत बसले होते. पण शेजारी पाहिलं तर मनोरमावहिनीने आपल्या पदराचा काठ पिळून पार फाडला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती माझ्याकडे आली. पाणी दिलं ते तिने घेतलं नाही. उभ्यानेच सांगू लागली.

बाळू आजारी पडण्याआधीच्या उन्हाळ्यात ती त्याला घेऊन माहेरी शहपुऱ्याला गेली होती. तिथे त्याच्या पायात गंजका खिळा गेला. धनुर्वात होऊ नये म्हणून तिच्या वडिलांनी त्याला लस टोचून आणली. तीही घोड्याच्याच रक्तातली. वडिलांनी बजावलं, सासरी बोलू नको. अण्णासाहेबांनी सभेत काय सांगितलंय ते साऱ्या जिल्ह्याला माहीत आहे. त्यांच्या नातवाला माहेरच्यांनी बाटवलं असं झालं तर ते तुला पुन्हा घरात घेणार नाहीत. आणि मग घटसर्प झाला, डॉक्टर आले. त्यांनी विचारलं. अण्णासाहेब खुर्चीत होते, तेच बोलले, छे, आमच्या घरात असलं काही नाही. डॉक्टर तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी आईकडे वळून पुन्हा विचारलं.

"मी मामंजींच्या जोड्यांकडे पाहिलं," मनोरमावहिनी म्हणाली. "आणि नाही म्हटलं, बाई."

बाळूच्या अंगातल्या चौकीदारांची ओळख शहपुऱ्यातच झाली होती. माझ्या रक्ताला ओळख पटायला आठवडा लागला. त्याच्या रक्ताला क्षणही लागला नाही. ओठ सुजले, घसा आतून सुजला, अंगभर चट्टे उठले. डॉक्टरांनी दुसरं औषध टोचलं, छाती दाबून श्वास चालवायचा प्रयत्न केला. 'बस' म्हणणारं कुणी उठलंच नाही.

मागच्या अंगणात डॉक्टर हात धूत होते, आणि ती तांब्याने त्यांच्या हातांवर पाणी घालत होती. तेव्हा तिने सांगितलं. तांब्यातलं पाणी संपलं तरी ते हात तसेच पुढे धरून उभे होते, असं ती म्हणाली. मग म्हणाले, "कुणाला सांगू नका. तुम्हाला अजून या घरात राहायचं आहे."

ते सांगून ती माझ्याकडे पाहत राहिली. सांत्वन हवं असेल तर माझ्याकडे नव्हतं. मला तिचा राग आला. मग डॉक्टरांचा आला, त्याहून जास्त. एवढं माहीत असताना हा माणूस जन्मभर खिंकाळणं ऐकत सायकल चालवत राहिला, आणि आम्ही त्याच्या बाकावर बसून पुस्तकातली अवघड वाक्यं विचारत होतो. हा कसला चांगुलपणा? एका सुनेचं घर टिकलं. पण ज्या भीतीने पोर मारलं ती भीतीही त्याच घरात, त्याच खुर्चीत, मानाने बसून राहिली. पुष्कळ दिवस माझा राग असा या माणसावरून त्या माणसावर फिरत होता. शेवटी तो त्या खुर्चीपाशी थांबला, आणि अजून तिथेच आहे.

मनोरमावहिनीला मी एवढंच म्हटलं की डॉक्टर आता नाहीत, तेव्हा ही गोष्ट आता फक्त तुमची आहे. ती गेली. मला वाटलं, संपलं.

पावसाळा सरल्यावर पुन्हा गावात घटसर्प आला. एका सकाळी पाग्यांकडून निरोप आला: बाईंना बोलावलंय. मी गेले. मनोरमावहिनीच्या धाकट्या जावेची, कुसुमची, मुलगी अंथरुणावर होती, मान सुजलेली, श्वास घरघरत होता. नागपूरहून नवीन आलेला तरुण डॉक्टर सुई तयार करत होता. उशाशी खुर्ची, खुर्चीत अण्णासाहेब. कुसुम भिंतीला टेकून, पदर तोंडाशी धरून उभी. मला कशासाठी बोलावलं ते कळेना. मनोरमावहिनीने मला फक्त दाराशी उभं केलं.

डॉक्टरने पुस्तकात लिहिल्याप्रमाणे विचारलं, हिला आधी कधी घोड्याची लस दिली होती का?

"छे," अण्णासाहेब म्हणाले.

डॉक्टर मान डोलवून पुढे सरकला. मी कुसुमकडे पाहिलं. ती खाली पाहत होती. मनोरमावहिनी खुर्चीसमोर येऊन उभी राहिली. सासऱ्यांसमोर ती कधी उभी राहिलेली मी पाहिली नव्हती. नेहमी बाजूने जायची.

"मामंजी," ती म्हणाली, "या घरात ज्याला ज्याला मान आहे, त्यानं बाहेर."

हे वाक्य कुणाचं ते खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, त्या नवीन डॉक्टरखेरीज. अण्णासाहेबांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. ते तिच्याकडे, मग माझ्याकडे, मग डॉक्टरकडे पाहत राहिले. मुलीचा श्वास अडकला, पुन्हा लागला. ते उठले आणि गेले. मनोरमावहिनीने दार लावलं.

"आता बोल, कुसुम," ती म्हणाली. "काहून घाबरते? कोणी नाही इथं."

कुसुमने आधी लावलेल्या दाराकडे पाहिलं. मग सांगितलं. माहेरी, दोन वर्षांमागे, बैलगाडीच्या चाकाखाली पोरीचा पाय आला होता, तेव्हा तिलाही धनुर्वाताची लस टोचली होती.

डॉक्टरने सुई खाली ठेवली. मग दंडाच्या कातडीत थेंबभर. आम्ही तिघी वाकून पाहत होतो. त्या जागी पांढुरका उंचवटा आला आणि त्याभोवती लाल कडं पसरू लागलं. डॉक्टरच्या कपाळावर घाम आला. त्याने लस पाण्यात मिसळून पार पातळ केली, आणि थेंब, मग थांबणं, मग थोडे जास्त थेंब, पुन्हा थांबणं, असं करत दुपार कलली. कातडी प्रत्येक वेळी रागावत होती आणि प्रत्येक वेळी थोडी कमी. शेवटी सगळी लस गेली, आणि मुलगी घरघरत का होईना, श्वास घेत होती. कुसुम तिच्या पायांशी बसून राहिली.

मनोरमावहिनी दार उघडून ओसरीवर गेली. मी तिच्या मागे होते. अण्णासाहेब उभेच होते. त्यांची खुर्ची आत राहिली होती, आणि दुसरीवर बसायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी विचारलं, आत असं काय बोललात, जे माझ्यासमोर बोलता येत नव्हतं?

"खरं," ती म्हणाली.

मग ती आत गेली, खुर्ची उचलून घेऊन आली आणि त्यांच्यासमोर ठेवली.

"बसा, मामंजी. आता बाळूचं सांगते."